लोडावर बसणारी मशीन

धर्मानं मशीन चालू केली आणि ती अशी खणखणीत वाजली, की त्याला तोंड कुठं लपवावं ते कळेना.

चौकच्या बंदरावर गाव जमलं होतं. धर्मानंच बोलावलं होतं सगळ्यांना. "या, डोल्यांनी बगा माजी मशीन कशी बसते ती," असं घरोघर सांगून आला होता. आणि आता रेसचा दांडा पुढं ढकलला तर मशीन बसायचं, दम टाकायचं, नाव घेईना. धक्क्याला बांधलेली होडी नुसती थरथरत होती. आवाज असा सुरात, की जणू कालच दुकानातून आणलीय. त्यानं दांडा मागं घेतला, पुन्हा ढकलला. मशीन पुन्हा गरजली.

"काय झायलंय तिला? नवरीवानी नाचतेय की!" जाळ्याच्या ढिगावर बसलेला एक जण बोलला. "महिपतला दोरी टाकायच्या टायमालाच तिचे पाय दुकतान वाटतं."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. एकेक जण उठून, कपडे झटकून चालता झाला.

झालं होतं ते असं. महिपत आणि धर्मा एका वयाचे, एका आळीतले, एकाच लाटेत पोहायला शिकलेले. पण होळीनंतर जाळी लावायच्या जागेवरून दोघांचं वाजलं. धर्मा म्हणे जागा माझ्या बापाची, महिपत म्हणे माझ्या बापाची. बाप दोघांचे कधीच दर्याला मिळालेले, सांगायला येणार कोण? जिभेला हाड नसतं. भांडता भांडता भर बंदरावर धर्मा बोलून गेला, "तू बुडताना दिसलास तरी दोरी टाकनार न्हाय!"

आणि मग, गणपती जाऊन थोडे दिवस झाले असतील, दुपारी महिपतच्या होडीच्या पंख्यात तिचंच जाळं अडकलं. वारा दर्याकडून, लाटा जड. होडी वाहत वाहत खडपाकडे, किनाऱ्याच्या खडकांकडे, निघाली. जवळ होती एकट्या धर्माची होडी. महिपतनं अंगातला सदरा काढून हलवला. त्या घडीला धर्माला भांडण आठवलंसुद्धा नाही, हे देवाशपथ खरं. त्यानं सुकाणू फिरवलं आणि रेस दिली.

होडीनं एक झेप घेतली आणि मशीन बसली. आधी आवाज घोगरा झाला, मग दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखी ती धापा टाकायला लागली. धर्मानं रेस कमी केली तर पुन्हा नीट चालायला लागली. पुन्हा दिली, पुन्हा बसली. गोगलगायीच्या चालीनं तो पोहोचला तोवर महिपतची होडी खडपावर आपटली होती. माणसं पोहून खडकावर चढली म्हणून वाचली. महिपतचा खांदा निखळला, होडीचा तळ फाटला. खडकावर बसून महिपतनं धर्माकडे एकदा पाहिलं. शिवी दिली असती तर धर्मानं झेलली असती. त्यानं नुसतं पाहिलं आणि मान फिरवली.

धर्माचे दोन खलाशी साक्षीला होते. पण मालकाचं मीठ खाणारे मालकाचंच गाणार, असं गाव म्हणालं. शकू, धर्माची बायको, पाटी घेऊन मासळी विकायला भाईंदरला जायची. बसमध्ये शेजारणींनी आपापल्या पाट्या ओढून घेतल्या, हिच्या पाटीचा स्पर्श नको म्हणून. घरी येऊन तिनं पाटी कोपऱ्यात उपडी टाकली, आणि धर्मानं पुढ्यातलं ताट बाजूला सारलं.

त्यानं भाईंदरहून ईश्वर मेकॅनिकला बोलावलं. ईश्वरनं डिझेलचा फिल्टर बदलला, पाइपातली हवा काढली, पंप खोलून पुसला.

"चाचा, इंजन एकदम टकाटक है."

"अरे, लोड पे बैठता है ना! पानी में चलके देखो मेरे साथ."

ईश्वरनं बाहेरच्या लाटांकडे पाहिलं आणि हात जोडले. "मेरे को तैरना नहीं आता, चाचा." हत्यारं पिशवीत भरून तो रिक्षात बसला. जाताना बंदरावर कुणीतरी विचारलं, तेव्हा त्यानं खरं तेच सांगितलं, इंजनात काही बिघाड नाही. झालं! धर्माच्या कपाळावरचा शिक्का पक्का झाला. तो पुसायलाच त्यानं गाव बोलावलं होतं, आणि मशीननं तिथंही असा दगा दिला.

"मीच खोटा हाय का गो?" त्यानं शकूला विचारलं. "त्या भांडनाचा राग माज्या हातात तर नव्हता ना? रेस मीच कमी केली का?"

शकू पाटी घासत होती. तिनं मान वर केली नाही. "रिकाम्या पाटीनं मान दुकत न्हाय," ती म्हणाली. "भरून डोक्यावर दिली का मंग कलते कोनाची मान कशी ती. तुमी बांधलेल्या होडीत मशीन नुसती फिरवताव. वजन कुटं हाय तिच्यावर?"

धर्मा ताडकन उठला.

भरतीचं पाणी चढलं तसं त्यानं होडीचा मागचा भाग जाड दोरानं धक्क्याच्या लोखंडी खांबाला बांधला आणि मशीन गेरमध्ये टाकली. पंखा पाणी कापायला लागला, होडी दोर ताणून पुढं जाऊ बघत होती, खांब जागचा हलत नव्हता. त्यानं दांडा पुढं ढकलला. मशीन बसली. तीच धाप, तोच घोगरा आवाज. धर्माला रडू यायचं बाकी राहिलं. बिघाड सापडल्याचा इतका आनंद कुणाला झाला नसेल.

"बगितलंस? मी खोटा न्हाय!" तो धक्क्यावर उभ्या शकूला ओरडून म्हणाला.

"बगितलं. आता कशामुलं बसते ते बगा."

धूर काळा नव्हता. म्हणजे मशीन उपाशी होती, डिझेल पुरत नव्हतं. त्यानं टाकीचा पाइप काढला, डिझेलनं भरलेला डबा उंचावर टांगला आणि पाइप त्यात सोडला. पुन्हा रेस. दोर असा ताणला की करकरला, पण मशीन बसली नाही. म्हणजे पंप चांगला, फिल्टर चांगला. दुखणं टाकीच्या पोटात.

झाकण उघडून त्यानं खांद्यापर्यंत हात आत घातला. तळाशी, पाइपाच्या तोंडापाशी, काहीतरी मऊ लागलं. ओढून काढलं. हिरव्या चौकटीच्या लुंगीचं फडकं. त्याचीच लुंगी.

मासेमारी बंद असताना पावसाळ्यात त्यानं टाकी पुसली होती. एकट्यानं. "कोनाला तरी मदतीला घ्या," शकू म्हणाली होती, तर "मना शिकवतेस काय?" असं वर ऐकवलं होतं. मोठी सर आली, झाकण लावलं, घरी पळाला. फडकं आतच राहिलं. मशीन हळू चालली की ते डिझेलात लोळत राहायचं. वजनावर रेस देऊन डिझेल जोरात ओढलं गेलं की पाइपाच्या तोंडाशी खेचलं जाऊन बूच बसायचं. एवढी रेस त्या दिवसापर्यंत द्यावीच लागली नव्हती.

मघाचा आनंद कुठल्या कुठं गेला. वैरानं नाही, तर हलगर्जीनं. पण होडी महिपतचीच फुटली ना?

शकूनं आजूबाजूला पाहिलं. "टाका दर्यात," ती हळूच म्हणाली. "पंप बाद झाल्ता म्हनून सांगा. कोन बगतंय?"

धर्मानं फडकं पाण्यावर धरलं. डिझेलचे थेंब पडून पाण्यावर रंग पसरले. बोटं सुटेनात. खडकावरचं ते पाहणं डोळ्यांपुढून हलत नव्हतं. शेवटी फडकं पिळून त्यानं मुठीत घेतलं आणि महिपतच्या घराची वाट धरली.

महिपत अंगणात खाटेवर होता, हात गळ्यात बांधलेला. त्याची बायको जागृती बोंबील निवडत होती. धर्माला पाहून ती उठून आत गेली. धर्मानं फडकं पुढं धरलं आणि सगळं सांगितलं, खाली बघून, अडखळत.

महिपतनं मोकळ्या हातानं फडकं उलटंसुलटं करून पाहिलं.

"वैर असतं तर बरं झालं असतं रे," तो शेवटी म्हणाला. "वैर मना समजतं. बरा झाल्यावर तुजं डोकं फोडलं असतं, फिटलं असतं. आता या चिंधीशी मी काय भांडू?"

त्यानं फडकं धर्माच्या हातात परत दिलं.

"मना सांगून काय उपेग? गावाला दाखव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मासळीचा लिलाव उरकल्यावर धर्मा सगळ्यांपुढं उभा राहिला आणि फडकं दाखवलं. या वेळी मात्र लोक हसले. पोट धरून हसले. कालपर्यंत वैरी होता, आज येडा ठरला. हसणाऱ्यांच्या मधे शकूही उभी होती, पदर डोळ्यांशी लावून. ती हसत होती का रडत, ते त्यानं पाहिलं नाही.

महिपतची होडी दुरुस्तीला काढली. खांदा सावरला तसा धर्मा त्याच्या दारात गेला. "होडी व्हईपरत माज्या होडीवर ये. निम्मा वाटा तुजा. जाली त्या जागेवरच लावू, दोगांची म्हनून."

महिपत हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. पण पहाटे बंदरावर आला.

होडीत चढला आणि सरळ टाकीपाशी गेला. झाकण उघडलं, बॅटरी मारून आत पाहिलं, हात घालून तळ चाचपला. हात पुसून झाकण लावलं आणि मगच धर्माकडे बघून मान हलवली. खलाशी बघत होते. धक्क्यावरच्या बायका बघत होत्या.

तेव्हापासून रोज पहाटे तो हेच करतो. आणि तो करतो तोवर धर्मा, स्वतःच्या होडीचा मालक, हात बांधून खाली मान घालून उभा राहतो. महिपतनं मान हलवल्याशिवाय मशिनीला हात लावत नाही.