तीन नंबरच्या शेडमधला भोंगा

सासूबाईंनी पिल्लू उचललं आणि त्याचे पाय स्वतःच्या गालाला टेकवले. क्षणभर थांबल्या, मान हलवली, पिल्लू खाली सोडून दुसरं उचललं. शिडीवर उभा असलेला जावई हातातली पक्कड तशीच धरून बघत राहिला. सकाळीच खोक्यांतून आलेली चार हजार पिल्लं, एकेका दिवसाची, पत्र्याच्या गोल कड्यांमध्ये तुसावर सोडलेली, आणि ही बाई त्यांचे पाय गालाला लावून बघत होती. पाय गार लागले तर जमीन गार आहे, हे त्याला नंतर कळलं. त्या वेळी विचारायचं धाडस झालं नाही.

धाडस न व्हायला कारण होतं. लग्न ठरवायला हे लोक आले होते तेव्हा तो सासूबाईंच्या पाठीमागे उभा राहून मित्राला म्हणाला होता, "घरालासुद्धा कोंबड्यांचा वास येतो रे." बाईंनी मागे वळूनही पाहिलं नव्हतं. तेव्हापासून चार वर्षं त्यांनी त्याच्याशी अबोला धरला होता, असं निदान त्याचं ठाम मत होतं. समोर गेलं की गोड बोलायच्या, ताट वाढायच्या. पण पाठीमागून हाक मारली की दगड. बायकोला सांगितलं तर ती म्हणे, "तसं काही नाही. तू समोर जाऊन बोलत जा." लेकीनं आईची बाजू घ्यायची नाही तर कुणी घ्यायची, म्हणून तो गप्प बसे.

आणि आता नेमकं त्यांच्या शेडमध्ये भोंगा बसवायचं काम त्याच्याच गळ्यात पडलं होतं. गेल्या महिन्यात पाच नंबरच्या शेडमधले उबेचे दिवे पहाटे बंद पडले, राखणाऱ्याला वेळेवर समजलं नाही आणि निम्मी पिल्लं गारठून मेली. तेव्हा मालकांनी ठरवलं, प्रत्येक शेडमध्ये भोंगा बसवायचा. ऊब कमी झाली की तो वाजेल, आणि वाजल्यापासून मिनिटाच्या आत राखणाऱ्यानं येऊन बटण दाबायचं. ज्याला जमणार नाही त्यानं अंडी भरायच्या कामावर जायचं आणि शेडलगतच्या दोन खोल्या सोडायच्या. तीन नंबरची चाचणी आज चार वाजता होती.

सासूबाईंच्या चाचणीची कुणाला काळजी नव्हती. बावीस वर्षं त्या पिल्लंच वाढवत आल्या होत्या. दुसऱ्या शेडमध्ये शंभरातली पाच-सहा दगावत, त्यांच्याकडे एखाद-दुसरं. नवरा गेल्यावर ह्याच कामावर त्यांनी तीन लेकरं शिकवली, हातीपायी धड असताना कुणापुढे हात पसरणार नाही म्हणून ह्याच दोन खोल्यांत एकट्या राहिल्या. त्यांचा एकच दंडक सगळ्यांना पाठ होता: काम करताना मावशी कुणाशी बोलत नाहीत. काही सांगायचं तर समोर जाऊन उभं राहायचं. तसाही पंख्यांच्या घरघरीत शेडमध्ये कुणाचं कुणाला नीट ऐकू येत नसे.

"अहो, बटण कुठं बसवू?" जावयानं वरून विचारलं.

पाठ ढिम्म हलली नाही. त्यानं आणखी एकदा विचारलं, मग मनातल्या मनात दोन शब्द बोलून दाराच्या बाजूला बटण ठोकलं. राहिलेली तार जोडायला गेला आणि हात घसरला. टोकाला टोक लागलं आणि भोंगा त्याच्या कानाशी असा काही वाजला की शिडी हलली.

पिल्लं एकदम उधळली. चारी बाजूंनी पळत सुटली आणि कड्यांच्या पत्र्याला जाऊन एकावर एक चढली. सासूबाई ताडकन उठल्या. वर नाही, मागे नाही, त्या सरळ त्या ढिगाऱ्यांकडे धावल्या. गुडघ्यांवर बसून दोन्ही हात ढिगाच्या तळाशी घातले, पिल्लं ओंजळीनं उपसून मोकळ्या तुसावर सोडली, पुन्हा हात घातले. खाली दबलेल्यांना आधी मोकळं करत होत्या, वरच्यांना नंतर. एका कड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. साठीची बाई, पण हातांची लगबग डोळ्यांना टिपता येईना.

मग त्यांनी वर पाहिलं आणि मोठ्यानं विचारलं,

"मागे काय पडलं हो?"

भोंगा अजून वाजत होता.

जावयानं तार ओढून काढली. शिडीवरून उतरला, कडं ओलांडून त्यांच्या अगदी समोर जाऊन बसला. त्याचा चेहरा बघून सासूबाईंना सगळं कळलं. हातातलं पिल्लू त्यांनी खाली ठेवलं नाही.

"किती वर्षं झाली?" त्यानं विचारलं.

"सहा. आधी एक कान, मग दुसरा." त्या त्याच्या ओठांकडे बघत होत्या. "लेकीनं शिकवलं असं बघून समजायला. तुम्हाला सांगू नकोस म्हणून मीच बजावलं होतं. तुमची मालकांकडे ऊठबस."

"पण मग पिल्लांना काय हवं-नको ते कसं समजतं?"

हे त्यांना जरा खुळचट वाटलं असावं. त्यांनी दाखवलं. दिव्याखाली दाटी झाली की थंडी, कडेला सरकून चोची उघडल्या की उकाडा, सगळी एकाच अंगाला गेली की कुठून तरी वारा. गळ्याखालची पिशवी मऊ भरलेली लागली तर खाणं-पाणी ठीक. आवाजाची काय गरज? आवाज येतो तोवर उशीर झालेला असतो. गेली सहा वर्षं हे त्यांनी कानांशिवाय केलं होतं, आणि कुणाला पत्ता नव्हता. जावयाला स्वतःची लाज वाटली.

"मला वाटायचं, लग्न ठरताना मी बोललो ते तुम्ही मनाला लावून घेतलंत."

"काय बोलला होतात?"

आता ते तोंडासमोर पुन्हा म्हणणं आलं. त्यानं म्हटलं. सासूबाईंनी शांतपणे त्याचे ओठ वाचले.

"येतोच की," त्या म्हणाल्या आणि पुढचं पिल्लू उचललं.

चार वाजता मालक आले तेव्हा भोंगा खोक्यात होता आणि आढ्याला लाल दिवा होता. दुसरा सासूबाईंच्या उशापाशी. मालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. जावयानं सांगितलं की भोंग्यानं पिल्लं एकमेकांवर चढून गुदमरतात, आज थोडक्यात वाचली; लाल उजेडाला मात्र ती बिचकत नाहीत. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

चाचणीसाठी उबेचे दिवे बंद केले. मालक घड्याळ धरून दारात उभे राहिले. बराच वेळ काही घडलं नाही. मग पिल्लं हळूहळू मधे सरकू लागली आणि सासूबाई उठून बटणाकडे चालू लागल्या.

"अजून दिवा कुठं लागलाय?" मालक पुटपुटले.

सासूबाईंनी बटणावर बोट ठेवलं, तेव्हा कुठे तो लागला. मालक दिव्याकडे बघत राहिले, मग घड्याळ खिशात टाकलं. सासूबाई परत येऊन पिल्लांवर वाकल्या. मालकांकडे त्यांची पाठ होती. मालक खूश होऊन त्या पाठीशीच बोलले,

"मावशी, अजून किती वर्षं सांभाळाल ही शेड?"

जावई कड्याच्या पलीकडे, त्यांच्या समोर उकिडवा बसला होता. तो हलला नाही. आवाज न करता त्यानं मालकांचा प्रश्न सावकाश, एकेक शब्द करत ओठांनी उच्चारला.

"पिल्लं येतात तोवर," सासूबाई मागे न वळता म्हणाल्या.

मालक हसले, उद्यापासून सगळ्या शेडमध्ये दिवेच बसव म्हणून सांगून निघून गेले. जावयानं हत्यारं गोळा केली. तो पिशवी खांद्याला लावून समोर येऊन उभा राहिला तेव्हा त्यांनी मान वर केली.

"मालक मला मावशी म्हणतात ना?"

त्यानं मान डोलावली.

"मघाशी आई म्हणाले," त्या म्हणाल्या, आणि हातातल्या पिल्लाचे पाय त्याच्या गालाला टेकवले. "बघा बरं, गरम आहेत का?"