दहापैकी आठ

शेवटी मास्तरांनी दुखण्याला दहापैकी आठ गुण दिले. पण तसं काही घडलंच नाही, असं आपण तूर्तास समजू.

मास्तरांचा कर्करोग हाडांपर्यंत पोचला होता. दर आठवड्याला दवाखान्यात ते एक कागद भरत. दुखणं, थकवा, मळमळ, प्रत्येकाला शून्य ते दहा. मास्तर सगळ्यांना सरसकट तीन देत आणि खाली झोकात सही करत.

डॉक्टरीणबाई चक्रावल्या. "रक्ततपासणीत सूज दाखवणारे आकडे बघितले तर माणूस आडवाच व्हायला हवा. आणि हे लिहितात तीन. तीनवर मी औषध वाढवू कशी?"

"बाई, यांनी पस्तीस वर्षं गणिताचे पेपर तपासलेत," सोबत आलेली मास्तरांची लेक म्हणाली. "पोटच्या पोरीला चार दिले होते. यांचे तीन म्हणजे जगाचे नऊ." हे सांगताना तिची मान उगाचच ताठ झाली. मग ती वडिलांकडे वळली. "बाबा, तुम्हाला साधा कप उचलवत नाही. कडक तपासा, पण कुणाचे हक्काचे गुण कापू नका. तुम्हीच सांगायचात ना?"

मास्तर वरमले. त्यांनी डोळे मिटून दुखणं नीट तपासलं.

"मेहनती आहे," ते म्हणाले. "एक दिवस गैरहजर नाही."

त्यांनी आठ लिहिले. औषध त्याच दिवशी वाढलं.

"माझ्या हातून आठ आजवर कुणालाच मिळाले नव्हते," मास्तर ऐटीत म्हणाले आणि कागदाच्या तळाशी त्यांनी शेरा लिहिला:

'विद्यार्थी हुशार, परंतु वर्तन असमाधानकारक. सबब यास वरच्या वर्गात घालू नये, ही नम्र विनंती.'