बेचाळिसाच्या रेघेवर

मला पाहून हात मागे लपवू नका, मित्रांनो. सुई टोचणाऱ्या त्या माझ्या बारक्या बहिणी. मी जाडजूड, काचेची, जखमा धुणारी जुनी सिरिंज. नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात रोज उकळत्या पाण्यात आंघोळ करून मी कामाला लागत असे. माझा दट्ट्याही काचेचाच, माझ्याच मापाने घासलेला. तो इतका अलगद सरकायचा की डॉक्टर दरवेळी मलाच मागायचे.

एक दिवस माझ्या तोंडाचा टवका उडाला आणि कचऱ्याच्या डब्याची वाट दिसू लागली. तिथल्या नर्स सत्यवतीबाईंनी मला पिशवीत टाकलं आणि आपल्या बहिणीला नेऊन दिलं. बहीण म्हणजे प्रेमलताबाई, मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या. शाळेत प्रयोगशाळेच्या नावाने आनंदीआनंद होता. बाईंनी माझं तोंड लाखेने बंद केलं, आत हवा कोंडली आणि मला चक्क मास्तरीण करून टाकलं. दट्ट्यावर वजनं ठेवली की कोंडलेली हवा अंग चोरून बसायची. हवेवरचा दाब दुप्पट झाला की तिची जागा निम्मी होते, हे मुली माझ्या अंगावरच्या रेघांवर वाचायच्या. खरं सांगते, एवढा मान मला दवाखान्यातही मिळाला नव्हता.

१९७६ चा एप्रिल होता. शाळेला अकरावीचा विज्ञान वर्ग हवा होता आणि परवानगी द्यायची की नाही, हे पाहायला शिक्षण खात्याचे साहेब दुपारी येणार होते. दहावीची परीक्षा दिलेल्या मुलींना मुद्दाम बोलावलं होतं. त्यांच्यात हुडकेश्वरहून सायकलने येणारी मनकर्णा होती. तिचे वडील चंपतराव यांनी तिला बजावलं होतं की याच शाळेत वर्ग निघाला तर शीक, दुसरीकडे कुठे जायचं नाही. त्यामुळे ती सकाळपासून पाणीसुद्धा धड प्यायली नव्हती.

नागपुरातल्या एप्रिलच्या दुपारी कूलरच्या खोलीत बसायचं निमित्त कोण सोडतं? मुख्याध्यापिका यमुताईंच्या खोलीत शाळेतला एकुलता एक कूलर घरघरत होता. प्रेमलताबाईंनी तिथेच निवांत बसून दट्ट्या चाळिसाच्या रेघेवर आणला आणि माझ्या तोंडाला नवी लाख लावली. थर्मामीटर सत्तावीस अंश दाखवत होता. फळ्यावर त्यांनी हेच दोन आकडे लिहिले आणि मला वर्गात टेबलावर उभं केलं.

साहेब आले, चष्मा सावरून माझ्यावर वाकले. दट्ट्या बेचाळिसावर होता. फळ्यावर चाळीस कसे, असं त्यांनी विचारलं. यमुताईंचा चेहरा उतरला. साहेबांच्या पाठीमागून त्या बोटाने खुणावू लागल्या, की दट्ट्या जरा खाली दाबा ना.

बाईंनी मला हातही लावला नाही. तेवढ्यात मनकर्णा उठून म्हणाली, "बाई, लाख तं पक्की हाये. मंग दट्ट्या वर काहून चढला?"

"माझी चूक झाली, साहेब," बाई म्हणाल्या. "माप मी कूलरच्या खोलीत घेतलं. हवा तेवढीच आहे, पण इथल्या गरमीनं फैलून राहिली आहे." त्यांनी वर्गातलं तापमान पाहिलं. बेचाळीस अंश. दाब बदलला नसेल तर आता हवेनं किती जागा घ्यावी, हे त्यांनी मनकर्णाला काढायला सांगितलं.

मनकर्णाने चाळिसाला बेचाळिसाने गुणलं, सत्ताविसाने भागलं. उत्तर आलं बासष्ट. तिने पुन्हा भागून पाहिलं, कारण माझ्या अंगावर रेघाच पन्नासपर्यंत होत्या. मी तर काचेची, नाहीतर मलाही घाम फुटला असता. बाई मात्र शांत होत्या. आपल्या थर्मामीटरवरचं शून्य म्हणजे गरमीचं शून्य नव्हे, असं त्यांनी समजावलं. ते त्याच्याही खाली दोनशे त्र्याहत्तर अंशांवर असतं. म्हणून दोन्ही आकड्यांत दोनशे त्र्याहत्तर मिळवायचे. सत्ताविसाचे तीनशे झाले, बेचाळिसाचे तीनशे पंधरा. मनकर्णाने पुन्हा गुणलं, भागलं आणि हळूच म्हणाली, "बेचाळीसच येते, बाई."

साहेबांनी पुन्हा वाकून माझी रेघ पाहिली. मग यमुताईंकडे वळून ते म्हणाले, "दट्ट्या कुणी दाबला असता, तर मी तसाच उठून गेलो असतो. जुलैत वर्ग उघडा."

मनकर्णा बाकावर बसली ती एकदम रडायलाच लागली. प्रेमलताबाईंचा मला त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला, तेवढा कुणाही डॉक्टरचा वाटला नव्हता.

पुढे प्लास्टिकच्या सिरिंजा आल्या. मला कुणीतरी ओलंच कपाटात ठेवलं आणि दट्ट्या आतच घट्ट अडकून बसला. आता मी ना जखम धुऊ शकते, ना हवा कोंडू शकते. म्हणून विनवते, मित्रांनो, काम झालं की माझ्यासारखीचा दट्ट्या बाहेर काढा, दोघांना कोरडं पुसा, मगच ठेवा. आणि आकडा मनासारखा आला नाही, तर त्याला अंगठ्याने दाबून जागेवर बसवू नका. तो वर काहून चढला, एवढं मोठ्याने विचारा.