माराहाबा, पोरी

खोटं कशाला बोलू, शेजारच्या म्हाताऱ्या बी झुहुराचा, म्हणजे झुहुराबाईचा, मला भारी मत्सर वाटायचा. माझी किडावा चार वर्षांची. मी हाक मारली तर वळून बघत नाही. पण म्हातारी नारळ खवायला बसली, की ही तिच्या चटईवर हजर. खवणीची खरखर ऐकत तासभर बसेल, माझ्या मांडीवर दोन मिनिटं टिकणार नाही. नऊ महिने पोटात वाढवली मी, आणि पोरगी जीव टाकते त्या खवणीवर.

दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, "पोर स्वमग्न आहे. हट्टी नाही, बहिरी तर नाहीच. ऐकलेलं जसंच्या तसं साठवते. बोलेल तिच्या वेळेनं."

मला धीर कुठला? टांझानियाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या पांगानी गावात पोरानं मोठ्यांना 'शिकामो' म्हटलं नाही, तर आईची अक्कल निघते. मोठ्यांनी 'माराहाबा' म्हटलं, की नमस्कार पुरा. रोज मी किडावाची हनुवटी धरायचे. "म्हण शिकामो. अगं, म्हण ना." ती माझ्या खांद्यापलीकडे बघायची.

आणि एक दिवस कुंपणापलीकडून तिचा आवाज आला. पहिला शब्द. "माराहाबा."

धावत गेले. म्हातारी कमरेत वाकून माझ्या पोरीला 'शिकामो' म्हणत होती, आणि पोर थाटात उत्तर देत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"थट्टा मांडलीत माझ्या लेकीची? सत्तरीची बाई चिमुरडीला नमस्कार करते? उलटं शिकवताय तिला."

"मी कुठं शिकवते गं? ती आपणहून माराहाबा म्हणाली. म्हटलं, तिचा शब्द एकटा का पडावा? आधीचा मी म्हणते. त्यात माझं काय झिजलं?"

किडावाला उचलून घरी आणलं, कडी लावली. तिनं भिंतीवर डोकं आपटलं, माझ्या मनगटाला चावली. दोन दिवस खरखर सुरू झाली, की दाराशी जाऊन रडायची. तिसऱ्या सकाळी मी हरले. तिच्यापुढं बसले, हनुवटी धरली नाही, आणि पोटच्या पोरीला म्हटलं, "शिकामो."

ती कडीकडे बघत म्हणाली, "माराहाबा, पोरी."

हेल थेट म्हातारीचा. मला हसू आलं, आणि जळलेही. लेक माझ्याशी पहिल्यांदा बोलली, तीही झुहुराच्या आवाजात.

मग डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हातारी 'माराहाबा, पोरी' म्हणते कुणाला? मला. रोज विहिरीवर जाताना कुंपणाशी मी तिला शिकामो म्हणते, तेव्हा. किडावा माझा हात धरून उभी असते, तोंड भलतीकडे करून.

कडी काढली आणि तिच्या मागोमाग गेले.

"शिकामो, बी झुहुरा."

उत्तर दोघींनी एकदमच दिलं.

"उठा," मी म्हातारीला म्हटलं, "आज नारळ मी खवते."