साधेपणासाठी लागणारी कात्री

"माझे दोन्ही पाय एकाच लांबीचे आहेत, असा आजवर माझा समज होता," आमचे हे आरशासमोर पुटपुटले. पँटचा डावा पाय घोट्याच्या वर, उजवा टाचेखाली.

"हळू बोला. आई मशीनवर आहेत."

सासूबाईंनी उभा जन्म शिवणाचं दुकान चालवलं. मग लोक तयार कपड्यांच्या मागे लागले, दुकान बंद पडलं आणि मशीन घरी आलं. सासूबाई त्यावर हात ठेवून नुसत्या बसून राहायच्या. बघवायचं नाही. म्हणून एके दिवशी जेवताना नणंदेनं जाहीर केलं, "आजपासून या घरात नवा कपडा येणार नाही. आहे तोच उसवायचा, शिवायचा, वापरायचा. कुणीतरी कुठंतरी अर्धपोटी शिवतं आणि आपण दोनदा घालून फेकतो. लाज वाटायला हवी!"

बोलणं खोटं नव्हतं. माझ्याच कपाटात लेबलसुद्धा न काढलेले कपडे निघाले. मी निमूट मान डोलावली.

सासूबाई उजळल्या. कॉलरी उलटल्या, कोपरांना ठिगळं लागली, चादरींच्या उशा झाल्या. शेजारीण म्हणाली, "काय बाई तुमचं घर! शिकावं तेवढं थोडं."

अडचण एकच झाली. फाटकं संपलं. मशीन पुन्हा गप्प झालं आणि सासूबाईही.

आणि एका दुपारी हे न्हाणीघरात कात्रीनं चांगल्या शर्टाचा खिसा उसवताना मला सापडले. मी ओरडणारच होते, पण बाहेर येऊन मीही उशीचा अभ्रा टरकावला. तेव्हापासून आमची काटकसर जोमात चालली. नणंदेनं तर नवाकोरा शर्ट आणला, जिन्यातच फाडला आणि "जुना सापडला गं" म्हणत आईपुढे ठेवला. इतकं साधं राहणं सगळ्यांच्या खिशाला झेपत नाही.

बरं, खिसे तरी कुठे उरले होते? सासूबाई ते तोंडाशीच शिवून टाकू लागल्या. काजांची आणि बटणांची गाठ पडेना. "हल्ली अशीच फॅशन आहे," आम्ही एकमेकांना सांगायचो, त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं.

मग नणंदेला मुलाखतीचं बोलावणं आलं. नोकरी सुटल्यापासूनचं पहिलंच. तिचा एकुलता एक बरा कोट आम्ही कात्रीपासून लपवून ठेवला होता. सासूबाईंनी तो शोधून काढला. "बाह्या लांब आहेत तुला. लेकीचं काम दुसऱ्या कुणाला देऊ होय?"

मुलाखतीच्या सकाळी त्यांनी कोट हातात दिला. नणंद तो घालून उभी राहिली. एक बाही मनगटाच्या वर, दुसरी बोटांवर. नवा आणावा, तर नियम हिचाच.

"कसा झालाय?" सासूबाईंनी विचारलं.

"झकास!" हे आपली पँट सावरत म्हणाले.

"असा कोट दुसऱ्या कुणाकडे नसेल," मी म्हटलं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

"सुंदर झालाय, आई." नणंदेनं लांब बाही मुठीत लपवली, पण आवाजातलं रडू काही लपलं नाही.

सासूबाई उठल्या. लेकीचे दोन्ही हात त्यांनी पुढे ओढून शेजारी शेजारी धरले आणि अंगठ्यानं बाह्यांच्या कडा चाचपल्या. पुन्हा एकदा चाचपल्या. हे छताकडे बघू लागले. मी चहाच्या कपात बघितलं, त्यात चहा नव्हता.

"काढ तो," त्या म्हणाल्या. "वहिनीचा घालून जा. मागून घातलेल्या कपड्यात कमीपणा नसतो." मग खुर्ची चाचपत बसल्या. "मला दिसत नाही गं आता. आणि मेल्यांनो, धडधाकट कपडे कात्रीनं फाडून आणून देता, ते माझ्या हातांना केव्हाचं कळलंय."