मोठ्या अक्षरात

पोचम टेलर स्टुलावर उभा राहून आपल्याच दुकानाची पाटी लोखंडी पट्टीने खरवडत होता. तेलुगू ओळीचा निळा रंग पापुद्र्यांनी सुटून त्याच्या डोक्यावर, खांद्यावर पडत होता. एरवी कपड्याला धुळीचा कण लागू न देणारा हा माणूस, पण आज त्याने एकदाही शर्ट झटकला नाही.

शेजारच्या खानावळीच्या दारात मनकर्णा भाताचा गंज हातात धरून थांबली. पेज गाळायची राहिली.

"पोचमभाऊ, हे काय करून राह्यले?"

"जुना झाला होता ना बाई."

"मागच्या दिवाळीत तर रंगवून घेतली."

एक अक्षर निघत नव्हतं. त्याने अंगठ्याला थुंकी लावली आणि ते घासू लागला.

चंद्रपूरच्या कोळसा खाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा हा टाकी चौक. कोळशामागे माणसं आली, आणि आली ती राहिली. हालदारच्या मिठाईच्या दुकानावर बंगाली, सायकलवाल्याकडे उर्दू, पोचमकडे तेलुगू, आणि मोहफुलं-डिंक विकणाऱ्या जंगूने आपल्या टपरीवर गोंडीतलं 'सेवा जोहार' लिहून घेतलेलं. मनकर्णाच्या खानावळीवर वर मराठीत 'अन्नपूर्णा भोजनालय' होतं आणि खाली तेलुगू. भोजनमु दोरुकुनु. जेवण मिळेल.

आता हालदारच्या पाटीवर वर्तमानपत्राचा कागद चिकटवलेला दिसत होता. जंगूची पाटी तर जागेवरच नव्हती.

दुपारची गर्दी ओसरल्यावर चौकातला आदेश नावाचा तरुण आला. बरोबर त्याचे दोघे मित्र. मुलगा तसा गोड बोलणारा. मनकर्णाने वाढलेलं ताक तो उभ्या उभ्या प्यायला आणि गिलास त्याने स्वतः मोरीत नेऊन ठेवला.

"मावशी, साऱ्या चौकाच्या पाट्या मराठीत करून राह्यलो आमी. मराठी मोठ्या अक्षरात. लोकं आपणहूनच बदलवून राह्यले."

"पोचमभाऊले पाह्यलं मी सकाळी," मनकर्णा म्हणाली. "आपणहून."

आदेश हसला. "तुमची पाटी पहिली लावू. हार घालू, फोटो काढू, साऱ्या गावाले दाखवू. फक्त ती खालची ओळ तेवढी काढून टाका."

"नियमात मराठी मोठी पायजे एवढंच हाये ना? बाकीच्या भाषा नको, असं कुठी लिहिलं?"

"नियम नियमाच्या जागी, मावशी. चौक आपला दिसला पायजे. पोचम परका माणूस, त्याले सांगा लागते. तुमी तर आपल्याच."

मनकर्णाने ओट्यावरून फडकं फिरवत आणलं होतं, ते तिथेच थांबलं. इतकी वर्षं या चौकात काढली, पण 'आपली' हा शब्द तिला कोणी दिला नव्हता. दिला तो असा, एका ओळीच्या बदल्यात.

"मोठ्या अक्षरात पायजे?" तिने विचारलं.

"जेवढं मोठं कराल तेवढं चांगलं."

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा ओटा पुसू लागली.

दिवेलागणीला पोचम मागच्या दाराने आला. मागच्या दाराने तो कधी येत नसे. लहानू, मनकर्णाचा नवरा, चुलीपाशी कांदे चिरत बसला होता. त्याने पाट सरकवला, पण पोचम बसला नाही.

"बाई, तुमचा तेलुगू ओळ काढून टाका. मी हात जोडते."

"तुमाले काय त्रास होते त्याचा?"

"आता चौकात तेलुगू कुठे आहे? फक्त तुमच्याकडे. लोक म्हणतील, पोचमनेच बाईला सांगितला. माझा दुकान आहे, पोरीचा लग्न आहे."

मनकर्णाला वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. तिने तोंडावर पाणी मारलं, पदराने चेहरा पुसला.

"पोचमभाऊ, ती ओळ तुमच्यासाठी नाई ठेवली. माह्यासाठी ठेवली. तुमाले कोणी बोललं त माह्याकडे पाठवा."

पोचम आल्या वाटेने गेला.

लहानूची सुरी चालूच होती. "काऊन उगाच अंगावर घेतं?" तो म्हणाला. "आपलं बरं चाललं हाये."

बरं चाललं होतं हे खरंच. पण ते कसं चालू झालं, हे दोघांनाही ठाऊक होतं. पेपर मिलमध्ये लहानूचा पाय रोलरखाली गेला आणि मजुरी सुटली, तेव्हा मनकर्णाने ही खोली भाड्याने घेऊन दोन बाकं टाकली. लोक येत. भात-वरणाचा वास घेत, बसत, आणि सहज विचारल्यासारखं विचारत, "आडनाव काय म्हणलं, बाई?" मनकर्णा सांगे, "खोब्रागडे." मग कोणाला एकाएकी काम आठवे, कोणी म्हणे, पोट जरा बिघडलंच आहे. आडनाव ऐकलं की वस्ती कळे, विहार कळे, आज्यापणज्याची जात कळे. त्या दिवसांत संध्याकाळी उरलेला भात ती आणि लहानू दुसऱ्या दिवशी परतून खात.

मग एकदा पोचम आपला शिंप्याचा खडू घेऊन आला आणि त्याने एका फळीवर ते दोन शब्द लिहून दिले. खाणीतून सुटलेले तेलुगू मजूर फळी वाचत आत येऊ लागले. त्यांना खोब्रागडे म्हणजे काय ते कळत नव्हतं. ते एवढंच विचारत, लोणचं तिखट आहे ना?

खानावळ चालायला लागली तेव्हा गुणवंतराव आले. दुकानांची ही ओळ त्यांचीच, आणि चौकातल्या व्यापारी संघाचे अध्यक्षही तेच. "नाव 'अन्नपूर्णा' ठेव," ते म्हणाले. "आडनावाचं काय काम? कोणी विचारायची पाळीच येणार नाई." ते प्रेमानेच म्हणाले होते. त्यामुळेच नाही म्हणता आलं नाही. पाटी लागली, आणि खरोखरच कोणी विचारेनासं झालं. बँकेतले, तहसिलातले कारकून महिन्याचं जेवण लावू लागले. मनकर्णाच्या आज्याने छप्पन साली दीक्षा घेऊन घरातले देव इरई नदीच्या पात्रात सोडले होते. नात मात्र देवीचं नाव डोक्यावर लावून भात वाढत राहिली. कधीकधी नवं गिऱ्हाईक तिला 'अन्नपूर्णाबाई' म्हणून हाक मारी आणि ती ओ देई.

"ऐका," ती लहानूला म्हणाली. "उद्या लटारू पेंटरले बोलावून आणा."

"काय लिहाचं?"

तिने सांगितलं. लहानूने सुरी खाली ठेवली. कांद्याने डोळ्यांना पाणी आलं होतं, ते त्याने बाहीने पुसलं. सकाळी उठून, लंगडत, तो लटारूकडे गेला.

लटारूने पत्र्यावर पांढरा हात मारला, वाळू दिला आणि वर लाल रंगात अक्षरं काढली. तेलुगू ओळ त्याला वाचता येत नव्हती. जुनी पाटी समोर ठेवून त्याने ती चित्र काढावं तशी उतरवली. आदेश हार घेऊन आला तेव्हा पाटी वर चढली होती, रंग अजून ओला चमकत होता.

आदेशने मोबाईल वर धरला. मग खाली घेतला.

'मनकर्णा लहानू खोब्रागडे यांची खानावळ.' त्यातलं 'खोब्रागडे' एवढं मोठं की रस्त्याच्या वळणावरून वाचावं. खाली, वीतभर उंचीची, तेलुगू ओळ.

हार धरलेला मित्र दुसऱ्याच्या कानाशी लागला. दोघांपैकी एक हसला.

"मावशी, नाव बदलवलं?"

"बदलवलं होतं. आता पहिलंच लिहिलं."

"नाई, पण अन्नपूर्णा चांगलं चालून राह्यलं होतं."

"हे मराठीत नाई का?"

"मराठीतच हाये, पण…"

"अक्षर लहान झालं का?"

आदेशने पुन्हा वर पाहिलं. शेजारी पोचमचं शिलाई मशीन थांबलेलं होतं. हालदार काउंटरमागून मान काढून बघत होता.

"नुसतं 'मनकर्णा खानावळ' लिहिलं असतं तरी चाललं असतं," तो हळू आवाजात म्हणाला. "तुमच्याच धंद्यासाठी म्हणून राह्यलो."

"तू म्हणला, मी आपलीच. मंग आपल्या माणसाचं आडनाव आपल्याच चौकात मोठं लिहिलं त काय बिघडलं?" मनकर्णा पायरी उतरून पाटीखाली येऊन उभी राहिली. तिने पदर सारखा केला. "काढ फोटो. मी हलत नाई."

आदेशने मोबाईल उचलला. वर धरला की खोब्रागडे येत होतं. खाली धरला की तेलुगू येत होतं. त्याने थोडं डावीकडे सरकून पाहिलं, थोडं मागे जाऊन पाहिलं. शेवटी बटण दाबल्यासारखं करून मोबाईल खिशात टाकला.

"येतो, मावशी."

"हार?"

मित्राने हार दाराच्या कडीला अडकवला आणि ते गेले.

त्यानंतर जे झालं ते कोणी मोठ्याने केलं नाही. बँकेतल्या एकाला ॲसिडिटी झाली. दुसऱ्याच्या घरून डबा येऊ लागला. तहसिलातल्या दोघांनी काही कारण सांगितलं नाही, ते समोरून जाताना फक्त रस्त्याची दुसरी बाजू धरू लागले. तिसरा होता, मेश्राम नावाचा. तो मात्र रोज पहिल्या बाकावर बसून जेवू लागला आणि पहिल्यापेक्षा जास्त जेवू लागला. खाणीतले लोक येतच होते. तरी संध्याकाळी गंजात भात उरे. तो ती आणि लहानू पुन्हा पूर्वीसारखा दुसऱ्या दिवशी परतून खात.

एका बुधवारी गुणवंतराव आले. पायरीखालीच थांबले.

"मनकर्णा, कोणी काई म्हणत नाई," ते म्हणाले. "पण अशानं गिऱ्हाईक तुटते. मी तुह्या भल्यासाठीच ते नाव सुचवलं होतं."

"ठाऊक हाये, भाऊ. तुमच्या मनात वाईट नव्हतं."

"मंग?"

"माह्याही मनात वाईट नाई. म्हणून तर लिहिलं." तिने ताटावरचं पाणी निथळवलं. "भाऊ, तुमची एवढ्या वर्षांची भाडेकरू मी. तुमी इथी एकदाही जेवले नाई. आज जेवून जा."

गुणवंतरावांनी खांद्यावरचा दुपट्टा सावरला. "आज उपास हाये माहा."

"बुधवारचा?"

क्षणभर असं वाटलं की ते पायरीवर पाय ठेवतील. मग चपलेतला खडा काढायला वाकल्यासारखे वाकले आणि वळून चालू लागले. मनकर्णा त्यांच्या पाठीकडे पाहत राहिली. तिला वाटलं होतं, आपल्याला रडू येईल. आलं नाही. तिने ताट पुसून चळतीवर ठेवलं.

लहानू हे सारं आतून ऐकत होता. तो उठला, खुंटीवरची पिशवी घेतली आणि बाहेर पडला.

परतला तेव्हा अंधारायला आलं होतं. पिशवीतून त्याने एक दिवा काढला, दुकानांच्या पाट्यांवर लावतात तसला, आणि वायरीचं भेंडोळं. जेवणाचं बाक ओढत बाहेर नेलं. दुखरा पाय आधी वर घेतला, मग चांगला.

"काय करून राह्यले तुमी?"

"अंधार पडला की दिसत नाई पाटी," लहानू म्हणाला. "तू रस्त्याच्या पलीकडे जाऊन पाह्य."

ती पलीकडे जाऊन उभी राहिली. दिवा लागला. लाल अक्षरांवर पांढरा उजेड सांडला.

"दिसते का?" लहानू ओरडला.

"वरचं दिसते! खालचं नाई!"

त्याने दिव्याची मान खाली वाकवली. तेलुगू ओळही उजळली. त्या उजेडाचा एक तुकडा शेजारच्या दुकानात, शिलाई मशीनवर पडला, आणि पोचम हातातलं कापड तसंच धरून बाहेर आला. बराच वेळ तो मान वर करून बघत राहिला. मनकर्णा रस्ता ओलांडून परत आली तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"बाई," तो शेवटी म्हणाला, "यातला 'रु' चुकला. उलटा काढला त्यानं. असा कोणी लिहीत नाही."

"लटारूले काय कळते तेलुगूतलं."

"वाचणारा हसेल ना."

मनकर्णा आत गेली. लटारू ठेवून गेलेला लाल रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आली आणि त्याच्यापुढे धरला.

पोचमने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. हातातलं कापड नीट घडी करून आपल्या काउंटरवर ठेवलं. लहानू बाकावरून उतरला आणि पोचम वर चढला. ब्रशचं टोक डब्याच्या काठावर निथळवून त्याने आधी चुकलेल्या अक्षरावर बोट फिरवून बघितलं.

वळणावरून एक मोटारसायकल आली आणि पाटीजवळ तिचा वेग कमी झाला. मनकर्णाने तिकडे पाहिलं. लहानूने बाक दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"सावकाश लिहा," तो म्हणाला. "उजेड पुरते ना?"

"पुरते," पोचम म्हणाला, आणि मागे वळून न बघता त्याने ब्रश टेकवला.