क्लाइवची सही

माझ्या मान्यतेच्या नूतनीकरणाचा अर्ज शुक्रवारी पाचच्या आत जायला हवा होता. त्यावर क्लाइवची सही नव्हती, आणि क्लाइवशी मी चार महिने बोलत नव्हते.

हसा, खुशाल हसा. लोकांना समोरासमोर बसवून समेट घडवणं हाच माझा धंदा. चोर आणि ज्याच्या घरी चोरी झाली तो. दारू पिऊन गाडी ठोकणारा आणि जिचा पाय मोडला ती. आमच्या व्हांगानुई गावात मी आणि क्लाइवनं अकरा वर्षं जोडीनं अशा बैठका घेतल्या. तो निवृत्त पोलीस, मी माजी शिक्षिका. ठरावीक वर्षांनी जोडीदारानं लिहून द्यायचं असतं, ही बाई अजून कामाची आहे म्हणून. नाही दिलं तर मंगळवारची बैठक दुसऱ्याकडे जाणार होती. ज्यांच्या घरी चोरी झाली त्या केनरिकबाई दोन महिन्यांच्या मिनतवारीनंतर चोरासमोर बसायला तयार झाल्या होत्या, त्याही ‘हुहाना असेल तरच’, म्हणजे मी असेन तरच, या अटीवर.

आमचं भांडण झालं गप्प बसण्यावरून. आमच्यात एक नियम आहे: प्रश्न विचारला की थांबायचं. समोरचा कितीही वेळ गप्प बसो, आपण ती शांतता मोडायची नाही. डिसेंबरात पाय मोडलेल्या बाईंसमोर तो गाडीवाला मान खाली घालून बसला होता. आता बोलेल, मग बोलेल असं वाटत असतानाच क्लाइव म्हणाला, “चहा कोणाकोणाला?” झालं! गाडीवाल्यानं सुटकेचा निःश्वास टाकला आणि माफीचं ते वाक्य पोटातच राहिलं. पुढच्याच आठवड्यात प्रशिक्षणाला आलेल्या नव्या लोकांसमोर मी क्लाइवकडे बघत म्हणाले, “बैठकीत चहावाला नको.”

गुरुवारी दुपारी मी घरच्या झाडाच्या फेजोआ फळांची पिशवी घेऊन त्याच्याकडे गेले. त्याच्या ओसरीवर फेजोआंनी भरलेल्या तीन बादल्या होत्या. एप्रिलात या गावात घरोघरी या फळांचा ढीग असतो, तेव्हा फेजोआ घेऊन कोणाकडे जाणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, पण रिकाम्या हातानं जायचं धाडस नव्हतं.

“ठेव तिकडे, बादल्यांशेजारी,” क्लाइव म्हणाला. “सही हवी असेल.”

“हवीय. पण त्याआधी तुझ्याशी बोलायचंय. क्लाइव, मला सांग, त्या दिवशी...”

“तो आवाज काढू नकोस.”

“कुठला?”

“बैठकीतला. मान तिरकी करून.”

मी मान सरळ केली. “बरं, मीच सांगते. मी तुला दहा जणांसमोर चहावाला म्हटलं.”

“बारा.”

“बारा जणांसमोर. तुला काय वाटलं तेव्हा?”

क्लाइव गप्प झाला. खिडकीबाहेर बघत बसला. त्याचे कान लाल झाले होते. दुसऱ्यांसाठी मी नऊ-नऊ मिनिटं गप्प बसलेय, कधी पापणी हलली नाही. इथे मात्र मला धीर धरवेना. हा आता म्हणणार, ऊठ आणि चालती हो.

“चहा टाकू का?” माझ्या तोंडून निघालं.

क्लाइवनं माझ्याकडे पाहिलं आणि ठसका लागेपर्यंत हसला. “अगं, एक मिनिटसुद्धा नाही! मी तर तीन मिनिटं काढली होती!”

“मग त्या दिवशी शांतता मोडलीस कशाला?”

चार महिन्यांत हा प्रश्न मी पहिल्यांदाच विचारत होते. सगळ्या गावाला विचारते, यालाच तेवढा विचारला नव्हता.

“त्या बाईंचे हात थरथरत होते,” तो म्हणाला. “टेबलाखाली. तू बसली होतीस तिथून दिसले नसते.”

मला फार लाज वाटली. “चुकलं माझं, क्लाइव. आधी विचारायला हवं होतं.”

“हं,” म्हणून तो उठला आणि चहा त्यानंच केला. मग चष्मा लावून अर्ज भरायला बसला. शेवटचा रकाना होता: अर्जदार कुठे कमी पडते? तिथे तो बराच वेळ लिहीत होता. या वेळी मी तोंडातून अक्षर काढलं नाही.

सही करून त्यानं कागद माझ्यापुढे सरकवला. लिहिलं होतं: ‘स्वतःवर वेळ आली की हिला शांतता सोसत नाही. पण चूक कळली तर घरी येऊन कबूल करते. मंगळवारी हिच्या शेजारी मी बसणार आहे.’

निघताना त्यानं माझी पिशवी मलाच परत दिली, आणि वर त्याची एक बादलीही.